चांदीचे बक्कल आधी मागून पाहावे: हातघडणीची कारागिरी कशी ओळखायची

दागिन्यांमध्ये पट्ट्याच्या बक्कलाइतके राबणारे दुसरे काही नाही. अंगठी मिरवते, साखळी गळ्यात नुसती असते. बक्कल मात्र दिवसभर ओढ सोसते, टेबलाच्या कडेला घासते, घामात भिजते, आणि एवढे सगळे करून ते देखणेही दिसावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे हाताने घडवलेले चांदीचे बक्कल पाहताना दोन प्रश्न सोबतच विचारावे लागतात. नक्षी कशी उतरली आहे? आणि ज्या तुकड्यावर ती उतरली आहे तो तुकडा आपले काम करतो का? चांगल्या कारागिराच्या कामात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी मिळतात आणि ती जागा बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते, असे माझे ठाम मत आहे.

आधी डोळा तयार करा

बक्कल विकत घ्यायला किंवा घडवून घ्यायला निघण्याआधी उत्तम चांदीकाम पोटभर पाहून घ्यावे. गोव्यात राहणाऱ्याला त्यासाठी कुठे लांब जावे लागत नाही.

जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी आहे. १६३६-३७ च्या सुमारास ती गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. मार्सेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइटाच्या पुढाकाराने हे काम झाले, त्यामुळे मांडणीवर इटलीची छाप आहे, पण हातोडी इथली आहे. संताच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारे ३२ पत्रे तिच्यावर आहेत. ती उंचावर ठेवलेली असल्याने खालून बारकावे नीट दिसत नाहीत. छोटी दुर्बीण सोबत नेली तर एक गोष्ट कळते: उठाव सगळीकडे सारखा नाही. चेहरे आणि हात जास्त पुढे आलेले, मागची झाडे-इमारती जवळपास सपाट. खोलीची ही श्रेणी लक्षात ठेवा, बक्कलावर तीच शोधायची आहे. जवळच सांता मोनिकाच्या मठात म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट आहे, तिथे चांदीच्या वस्तू पुष्कळ जवळून पाहता येतात.

मग फोंड्याकडे या. रामनाथीला रामनाथाच्या देवळात गाभाऱ्याच्या दर्शनी भागावर चांदीचे उठावाचे काम आहे. इतर देवळांतही दारे, पालख्या, मखरे चांदीच्या पत्र्याने मढवलेली दिसतील. इथे पत्र्याच्या कडेने जाणाऱ्या बारीक खिळ्यांच्या ओळी पाहा. पत्रा पातळ असतो आणि भार मागचे लाकूड घेते. बक्कलात लाकूड नाही. तिथे पत्र्याला स्वतःच्याच आकाराने उभे राहायचे असते. देवळातल्या मढवणुकीइतका पातळ पत्रा कोणी बक्कलाला वापरला असेल, तर नक्षी कितीही सुंदर असो, ते बक्कल वापरात चेमटणार.

सोबत काय घ्यायचे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइलची बॅटरी, जाडी मोजायला व्हर्नियर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, दोरा आणि आपला रोजचा पट्टा. पट्टा विसरू नका, अर्धी परीक्षा त्यावरच होते.

पहिली पायरी: उलटे करा

कोणी बक्कल हातात दिले की माणसाची नजर आपसूक नक्षीकडे जाते. ती आवरा आणि बक्कल पालथे घाला.

मागे दोन अवयव असतात. एका बाजूला पट्टा ओवायची कडी किंवा पट्टी, दुसऱ्या बाजूला पट्ट्याच्या भोकात जाणारा आकडा. काही बक्कलांना चौकट असते आणि तिच्यावर हलणारा काटा. प्रकार कोणताही असो, हे अवयव मुख्य पत्र्याला कसे धरले आहेत ते पाहायचे. इथेच डाख येतो. चांदी, तांबे आणि जस्त यांची ही मिश्र धातू मूळ चांदीपेक्षा कमी उष्णतेवर वितळते आणि सांध्यात शिरते. टाकणखार लावून सांधा तापवला की डाख पाण्यासारखा पळतो. चांगल्या सांध्यात तो एका बारीक, सलग रेघेत दिसतो. वाईट सांध्यात एका बाजूला त्याचा गोळा साचलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला फट राहिलेली. फट दिसते का ते पाहायला बॅटरी आडवी धरा.

आता आकड्याचे मूळ भिंगाखाली घ्या. नुसती तार उभी करून टोकावर डाख दिला असेल तर तो सांधा फार दिवस टिकत नाही, कारण पट्ट्याची ओढ तारेला बाजूने वाकवत राहते आणि सगळा जोर टाचणीएवढ्या जागेवर येतो. जाणता कारागीर आकड्याच्या मुळाशी रुंद पाऊल ठेवतो, म्हणजे तार चपटी करून पसरवतो किंवा खाली वेगळी चकती देतो. काही जण तार पत्र्याच्या आरपार नेऊन दुसऱ्या बाजूने ठोकून बसवतात आणि वर नक्षीतले एखादे फूल किंवा रवा आणून ती जागा झाकतात. असे बक्कल हातात आले तर क्षणभर थांबून पाहा. पुढचे फूल मागच्या आकड्याच्या गरजेतून आले आहे, म्हणजे नक्षी आखतानाच कारागिराने ओढीचा विचार केला होता.

कडीची जागाही बोलते. जड बक्कलाची कडी फार खाली बसवली तर वरचा भाग पुढे कलंडतो आणि बक्कल पोटावरून लोंबू लागते. कडी किंचित वर असेल तर वजन आपोआप अंगाला टेकते. पट्ट्यात घालून हे एका क्षणात कळते.

बिजागरी असेल तर तिच्या नळ्या मोजा. तीन किंवा पाच नळ्या एका सरळ रेषेत, मध्ये केसाएवढीच फट, आणि आतली सळई न डुगडुगणारी, असे हवे. काटा उघडझाप करताना अडकला तर नळ्या ओळीत नाहीत. जुन्या कमरपट्ट्याच्या पुढच्या फुलाला फिरकीची किंवा खिळीची जोड असते. घरात आजीचा कमरपट्टा असेल तर तो शेजारी ठेवून पाहा. त्या काळच्या कारागिराने फिरकीचे आटे किती बारीक पाडले आहेत ते दिसले की आजच्या बिजागरीकडून काय मागायचे ते समजते.

मागचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत नसला तरी चालेल. कानशीच्या समांतर रेषा, हातोडीचे फिकट ठसे दिसले तर उलट बरेच. पण धारदार कडा, बोटाला लागणारा कच, डाखाचे थेंब नकोत. मागची बाजू कोणी पाहणार नाही असे गृहीत धरून केलेले काम स्पर्शाला लगेच कळते.

दुसरी पायरी: नक्षी कोणत्या हाताने उतरली

हा या लेखाचा सगळ्यात मोठा भाग, कारण फसगतही इथेच सगळ्यात जास्त होते.

उठावाचे काम कसे होते ते आधी समजून घ्या. चांदीचा पत्रा राळेत बसवतात. राळ, विटेची पूड आणि थोडे तेल यांचे हे मिश्रण गरम असताना मऊ असते आणि निवल्यावर घट्ट होते, पण इतकेही नाही की हातोडीखाली दबणार नाही. पत्रा उलटा बसवून मागून बोथट ठशांनी फुगवटे काढायचे, मग तो सोडवून, साफ करून, सुलटा बसवायचा आणि पुढून बारीक ठशांनी रेषा, शिरा, कडा आणायच्या. ठोकल्याने चांदी ताठ होते आणि ठोकत राहिले तर चिरते. म्हणून मधूनमधून ती मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करावी लागते. पत्रा किती वेळा तापवायचा आणि किती ताणायचा, याचा अंदाज पूर्णपणे हाताचा.

या पद्धतीच्या खुणा भिंगाखाली दिसतात. रेषेचा तळ गोलसर असतो, कारण धातू कापलेला नसून दाबलेला आहे. एक सलग वाटणारी रेषा खरे तर ठशाच्या एकापुढे एक पडलेल्या पावलांची असते आणि वळणावर ती पावले जवळजवळ येतात.

समजा, समोरच्या बक्कलावर एक कोयरी आहे आणि तिच्याभोवती पाने. एक पान निवडा. मधल्या शिरेपासून सुरुवात करा. शीर देठाशी रुंद आणि टोकाला निमुळती होत असेल, तर कारागिराने हातोडीचा जोर कमी करत नेला आहे किंवा ठसा बदलला आहे. आता पानाच्या दोन बाजू पाहा. एक बाजू शिरेकडे उतरती आणि दुसरी थोडी फुगलेली असेल तर पान वळल्यासारखे दिसते. मग शेजारच्या पानाकडे या. आकार तोच, पण शिरेचा कोन किंचित वेगळा, टोक थोडे अधिक वळलेले. कारण तिथे जागा कमी होती आणि पान तिथे बसवायचे होते. जागेप्रमाणे घेतलेला असा निर्णय यंत्राच्या साच्यात नसतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हातकाम म्हणजे ओबडधोबडपणा नाही. वाकडी कडा, असमान जाडी, तिरपी बसलेली कोयरी दाखवून 'हाताचे आहे, असे असणारच' असे कोणी सांगितले तर ते मानू नका. कसलेल्या हाताची रेषा स्वच्छ असते. फरक असतो तो निवडीतला, चुकीतला नव्हे.

साच्यात दाबून काढलेल्या बक्कलात सगळी पाने एकमेकांची नक्कल असतात, उजवीकडची आणि डावीकडची शीर मोजली तरी तंतोतंत भरते, आणि मागची बाजू पुढच्या भागाची नेमकी उलट छबी असते. उठावाच्या हातकामातही मागे खळगे असतात, पण पुढून मारलेल्या बारीक रेषा मागे अंधुकच उमटतात. ओतीव काम ओळखायचे तर खोलगट भागात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे किंवा रवाळपणा शोधा. कडा साबण झिजल्यागत बोथट असतात. ओतीव काम कमी दर्जाचे असते असे अजिबात नाही, ओतल्यावर छिन्नीने पुन्हा उठवलेले सुंदर काम असते. फक्त ते ठोकीव म्हणून विकले जाऊ नये.

कोरीव कामाची जात वेगळी. तिथे छिन्नी धातू काढून टाकते, त्यामुळे रेषेचा तळ व्हीसारखा टोकदार असतो आणि बाजू चमकतात. बक्कल हळूहळू फिरवले की प्रकाश एका कापावरून दुसऱ्यावर उडी मारतो. अमेरिकेतल्या गुराखी परंपरेच्या मोठ्या बक्कलांवर अशीच कोरीव वेलबुट्टी असते. तिथल्या नैर्ऋत्य भागातल्या नवाहो कारागिरांची परंपरा मात्र ठशांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते चांदीकाम करू लागले, ठसे स्वतःच पोलादाचे बनवत आणि पुढे नक्षीत फिरोजा हा निळसर खडा बसवू लागले. गोव्यातल्या हणजुणे, हडफड्याच्या बाजारांत त्या धाटणीची बक्कले हमखास दिसतात. त्यांतली बरीचशी साच्यातली असतात. फिरोजाच्या कोंदणाची भिंत दगडाला सगळीकडून सारखी चिकटली आहे का आणि प्रत्येक ठसा सारख्याच खोलीचा आहे का, एवढे दोन मुद्दे तपासले तरी पुष्कळ उलगडा होतो. सगळे ठसे अगदी एकाच खोलीचे असतील तर शंका घ्या.

तारकामाचे बक्कल असेल तर जाळीची तार पाहा. जंत्रीतून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून, ओढलेल्या दोन बारीक तारा एकत्र पिळून चपट्या केल्या की कडेला दातेरी रेघ येते. ती रेघ शेवटपर्यंत स्वच्छ दिसली पाहिजे. डाख जास्त झाला की दाते बुजतात आणि जाळी डबडबलेली दिसते. शिवाय नुसती जाळी ओढ सोसू शकत नाही, तिच्या मागे भक्कम पत्रा किंवा जाड चौकट हवीच.

तिसरी पायरी: जाडी, फुगवटा आणि कड

व्हर्नियरने कडेची जाडी घ्या. सपाट पत्र्याचे बक्कल १.२ मिलिमीटरच्या खाली असेल तर मला ते पसंत पडत नाही. फुगवटा दिला असेल तर थोडे कमी चालते, कारण वाकवलेला पत्रा नळीच्या कौलासारखा आपल्या आकारानेच ताकद मिळवतो. बक्कल टेबलावर ठेवून कडेने पाहा. फुगवटा मधोमध सर्वांत उंच आणि दोन्हीकडे सारखा उतरत गेला पाहिजे. आडव्या दिशेने थोडा बाक असेल तर बसताना ते पोटात रुतत नाही.

काठाला पिळाच्या तारेची किनार असेल तर तिचा जोड शोधा. गोल फिरून आलेल्या तारेची दोन टोके कुठेतरी मिळतातच. चांगल्या कामात पिळाचा कल जोडावर तुटत नाही आणि जोड बहुधा खालच्या बाजूला, नजर जात नाही तिथे, ठेवलेला असतो. मला व्यक्तिशः बक्कलातली ही सर्वांत आवडती जागा. दोन टोकांचे पिळ जुळवायला तार अर्ध्या पिळाच्या हिशेबाने कापावी लागते.

चौथी पायरी: धातू

शिक्क्यावर ९२५ असेल तर हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. शुद्ध चांदी फार मऊ, बक्कलाला कामाची नाही, त्यामुळे इथे हीण असणे हा दोष नसून गरज आहे. भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आला आहे. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून पाहता येतो. चांदीचे हॉलमार्किंग सक्तीचे केलेले नाही, म्हणून शिक्का नसलेले बक्कल खोटेच असते असे नाही. पण मग स्वतः तपासा.

घरगुती परीक्षा अशी. बक्कल कोरडे तोला. मग वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बक्कल दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ९२५ चांदीसाठी उत्तर १०.३ ते १०.४ च्या आसपास येते. म्हणजे ४७ ग्रॅमचे बक्कल असेल तर पाण्यातला आकडा साधारण ४.५ हवा. तो ५.४ च्या जवळ आला तर वस्तू बहुधा जर्मन सिल्व्हरची. त्या धातूत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी अजिबात नसते. बुडबुडे चिकटले, आत पोकळी असली, दगड जडवलेला असला किंवा बक्कलाचा काटा पोलादी असला तर हिशेब चुकतो, हे ध्यानात ठेवा. चुंबकाने फक्त लोखंड पकडले जाते, पितळ आणि जर्मन सिल्व्हर त्याला दाद देत नाहीत.

वजनाचा आणखी एक उपयोग आहे. ७५ बाय ५० मिलिमीटरचा, १.२ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पत्रा साधारण ४ तोळे (सुमारे ४७ ग्रॅम) भरतो. त्या मापाचे अख्खे बक्कल, कडी-आकड्यासकट, अडीच तोळ्यांतच (सुमारे २९ ग्रॅम) आटोपत असेल तर पत्रा पातळ आहे.

पाचवी पायरी: पट्ट्यात घाला

रोजचा पट्टा बहुधा ३८ मिलिमीटर रुंद असतो. कडीच्या आत त्याला दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर मोकळीक पुरे, जास्त असेल तर बक्कल सरकत राहते. पट्टा बांधा, बसा, वाका, उठा. आकड्याचे टोक गोल असले पाहिजे, नाहीतर वर्षभरात चामड्याची भोके फाटतील. दोन्ही हातांनी पट्टा ताणून बक्कलाकडे आरशात पाहा: ओढीखाली पत्रा वाकतो का, कडी तिरपी होते का?

काळेपण: मुद्दाम केलेले आणि आपोआप आलेले

खोलगट भागात काळी छटा ठेवून उंच भाग ओपणीने, म्हणजे घासून चमक आणायच्या गुळगुळीत हत्याराने, उजळवणे ही जुनी रीत आहे. त्यामुळे उठाव वाचता येतो. चांगल्या कामात काळ्यापासून उजळाकडे जाताना मधल्या छटा दिसतात. सगळे खळगे सारखेच डांबरी काळे असतील तर काळेपणाआड उथळ नक्षी लपवली आहे का ते भिंगाने पाहा. उजळ भागावर जांभळट डाग दिसले आणि घासूनही जात नसतील, तर तापवताना आतल्या तांब्याचा ऑक्साइड झालेला आहे. तो नीट काढायला वेळ लागतो. घाईच्या कामात तो वरून मुलामा देऊन झाकतात, आणि मुलामा झिजला की पुन्हा दिसू लागतो.

शेटांशी बोलताना

गोव्यात सोनाराला शेट म्हणतात. दुकानात गिऱ्हाईक कमी असताना जा, घाईच्या वेळी कोणीच मनापासून दाखवत नाही. 'शेट, आकडा आरपार नेलाय की नुसता डाखावर?' असा नेमका प्रश्न विचारला की बोलण्याचा नूर बदलतो. मग ठसे बघायला मिळतात, राळेची वाटी बघायला मिळते, अर्धवट झालेला पत्राही कधीकधी हातात येतो. तो मिळाला तर जरूर घ्या. पूर्ण झालेल्या वस्तूपेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळते.

भाव करताना चांदीची किंमत आणि घडणावळ वेगळी करून विचारा. चांदीचा भाव सगळीकडे जवळपास तोच, त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. घडणावळीवर करायची तर कशासाठी ते ठाऊक असावे. उठावाच्या बक्कलाची मजुरी चांदीच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर मला त्यात वावगे वाटत नाही. कारागिराचे सगळे दिवस त्यातच गेलेले असतात, आणि तोळ्यावर मजुरी लावली तर पातळ, अवघड काम करणाऱ्यालाच तोटा होतो. बिलावर वजन, शुद्धता आणि मजुरी लिहून घ्या.

घरी आणल्यावर

आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, चांदी लवकर काळवंडते. हवेतले गंधक तिच्यावर सल्फाइडचा थर धरते. रबर आणि लोकर यांच्याजवळ बक्कल ठेवू नका, दोन्हींत गंधक असते. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यात वापर नसेल तर बक्कल पट्ट्यावरून काढून ठेवा, कारण चामड्याला बुरशी धरली की तिचा ओलावा थेट चांदीला लागतो. हवाबंद पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकली की पुरे.

साफसफाईला रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने घासू नका, तिच्यातले कण बारीक ठशांच्या कडा खातात. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि सोडा घातलेल्या गरम पाण्याचा उपाय सपाट ताटावाट्यांना ठीक आहे. नक्षीच्या बक्कलाला तो लावला तर खळग्यांतले मुद्दाम ठेवलेले काळेपणही निघून जाते. कापडाने फक्त उंच भाग पुसा. आकडा हलू लागला तर कथिलाचा डाख देणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. कथील चांदीत मुरते, आणि पुढे कोणी त्याच जागी पुन्हा चांदीचा डाख द्यायला गेले तर पत्राच खड्डे पडून खराब होतो.